मयताला निघालेला माणूस

पिंपळगावच्या कापड दुकानात झुंबर गांगुर्डेला एकच वाक्य बोलावं लागलं.

“हिरवी साडी द्या. घडी मोडू नका.”

दुकानदार नुकताच शटर वर करून गादीवर टेकला होता. त्याने झुंबरच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि नऊवारी की सहावारी, एवढंच विचारलं. नेहमीसारखा साड्यांचा ढीग उपसला नाही, पदर उलगडून दाखवला नाही, ‘वहिनी खूश होतील बघा’ म्हणाला नाही. कपाटातून एक हिरवी नऊवारी काढली, खोक्यात न घालता वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कापडी पिशवीत घालून दिली. झुंबरने भाव केला नाही. निघताना दुकानदार ‘या परत’ म्हणाला नाही. दोघांनाही रीत माहीत होती.

झुंबरची थोरली बहीण कुसाबाई पहाटे दिल्लीत गेली होती. मागे नवरा हयात. अशा बाईच्या अंगावर शेवटचं वस्त्र पडतं ते माहेरचं, भावाच्या हातून आलेलं. ते येईपर्यंत तिला उचलत नाहीत. आणि ती साडी एकदा विकत घेतली की घरात न्यायची नाही, सरळ मयतापाशी जायचं. म्हणून झुंबर दुकानातून घरी गेलाच नाही. त्याची बायको भागीबाई कपड्यांची बॅग घेऊन स्टँडवर आली. ती हातभर लांबूनच उभी राहिली आणि बॅग तिने खाली ठेवली, म्हणजे त्याने उचलावी.

“पाणी तेवढं पीत राहा,” ती म्हणाली. “ऊन लय हाय.”

“व्हय.”

“आक्काला म्हणावं…” एवढं बोलून ती थांबली. आक्काला आता काय म्हणायचं, ते तिलाही सुचलं नाही.

तिकीट एकाचंच होतं. भाचा हर्षल दिल्लीला कंपनीत होता. आईवडलांना त्याने चार वर्षांपूर्वी तिकडे नेलं होतं. पहाटे त्यानेच फोन केला, त्यानेच ओझरहून दुपारच्या विमानाचं तिकीट काढून मोबाइलवर पाठवलं. “मामा, शेवटच्या एकदोन जागा उरल्या होत्या, नशीब समजा,” असं म्हणाला. “सीट नंबर तेवढा काउंटरवर देतील. तुम्ही संध्याकाळपर्यंत पोहोचता. आम्ही थांबतो. पण मामा, संध्याकाळनंतर नाही थांबता येणार. इथली स्मशानभूमी बंद होते, आणि बाबांची अवस्था बघवत नाही.”

“येतो,” झुंबर म्हणाला. “मी आल्याबिगर हलवू नको तिला.”

हे वाक्य म्हणताना त्याला आक्काचा आवाज ऐकू आला. झुंबरची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून पिंपळगाव डेपोत गेली. दिवाळीत सगळी दुनिया बहिणीकडे जाते आणि तिला न्यायला कंडक्टर ड्यूटीवर असतो. त्यामुळे भाऊबीजेला तो कधी वेळेवर पोहोचला नाही. दोन दिवसांनी, चार दिवसांनी, एकदा तर तुळशीचं लग्न उरकल्यावर गेला. आक्का ओवाळायची आणि हसत टोमणा मारायची, “या वर्षीची साडी उशिरा आली ते असू दे. शेवटची तेवढी वेळेवर आण रे झुंबऱ्या. तेव्हा ड्यूटी हाय म्हणू नको.”

तिचं सासर सटाण्याच्या बाजूला लखमापूरला. काही वर्षं झुंबर त्याच रस्त्यावरच्या गाडीला होता. आक्का फाट्यावर येऊन उभी राहायची, खिडकीतून फडक्यात बांधलेली भाकरी द्यायची आणि बोलत सुटायची. ड्रायव्हर मागे वळून बघायचा. झुंबर घंटीच्या दोरीला हात लावून उभा राहायचा, पण आक्काचं वाक्य पुरं होईपर्यंत दोरी ओढायचा नाही. गाडीतले लोक कुरकुरायचे. “ओ कंडक्टर, बहीण असंल तर घेऊनच चला की तिला!” आक्का त्यांनाही उत्तर द्यायची.

*

विमानात बसायची झुंबरची पहिलीच वेळ. चुकायला नको म्हणून तो इतका लवकर पोहोचला, की काउंटर उघडायचं होतं आणि लाइनीत तो पहिला होता. सामानाची बॅग पायाशी, साडीची पिशवी उजव्या हातात. पिशवी जमिनीला लागू नये म्हणून तो ती जरा उचलूनच धरत होता. त्यामुळे खांदा भरून आला होता.

थोड्या वेळाने त्याच्या मागे हसण्याखिदळण्याचा आवाज आला. नवं लग्न झालेलं जोडपं होतं. त्यांच्याबरोबर त्यांच्याच वयाची आणखी दोन जोडपी. मनालीला निघाली होती. मे महिन्याच्या उन्हात एकाच्या हातात लोकरीची टोपी होती आणि ती ते एकमेकांच्या डोक्यावर घालत होते. नवरीच्या हातात कोपरापर्यंत मेंदी, हिरवा चुडा, कपाळाला हळदीचा पिवळेपणा अजून तसाच. सायली, सायली अशी तिला सगळे हाका मारत होते.

झुंबरने पिशवीकडे पाहिलं, मग त्या चुड्याकडे. ओल्या हळदीची पोर आणि तिच्यापासून दोन हातांवर मयताचं वस्त्र. त्याला ते सहन होईना. कोणाला कळणार नव्हतं, पण त्याला कळत होतं.

तो लाइनीतून बाजूला झाला. “व्हा पुढं. या, तुम्ही व्हा.”

“अहो, नको काका,” नवरदेव म्हणाला. “तुम्ही आधी आलात.”

“माझी काय घाई नाय. व्हा तुम्ही.”

पोर संस्कारी निघाली. “थँक्यू काका,” म्हणत ती पाया पडायला वाकली. झुंबर असा मागे सरकला, की बॅगेला अडखळून पडता पडता राहिला.

“राहू दे, राहू दे! जा. सुखी राहा.”

मग तो पार मागे गेला. लोक येत राहिले. लाइनीत मागे थांबला असता तरी कधीतरी नंबर आला असता, पण झुंबर लाइनीत उभाच राहिला नाही. तो भिंतीकडे सरकला, कारण लाइन वळून पुन्हा त्या पोरीजवळून जात होती. आलेला माणूस विचारायचा, “काका, लाइनीत आहात का?” आणि झुंबर हाताने पुढे जा म्हणायचा. त्याच्या मनात काळजी नव्हती. तिकीट होतं. तिकीट असलेल्या माणसाला जागा असते, हे त्याने सगळ्या नोकरीत एकदाही चुकताना पाहिलं नव्हतं. लाइनीत कितीही मागे असलं तरी आपली सीट आपलीच.

सगळ्यांत शेवटी एक जाडगेला माणूस घाम पुसत आला. गळ्यात सोन्याची साखळी, दोन्ही हातांत दोन मोबाइल. एकावर बोलत, दुसऱ्यावर बघत त्याने झुंबरला भुवई उडवून विचारलं. झुंबरने त्यालाही पुढे जा म्हटलं.

त्या माणसाची पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ संगणकाकडे पाहिलं. पूजा असं नाव तिच्या छातीवरच्या पाटीवर होतं. “सर, एक मिनिट थांबता का?”

“का? काय झालं?”

“फ्लाइट फुल दाखवतंय सर. ओव्हरबुक झालंय.”

“झालंय म्हंजे? मी बुक केलं, तुम्ही पैसे घेतले. ओव्हर कोणी केलं मग?” त्याचा आवाज एकदम चढला. “लासलगावला येऊन विचारा वाल्मीकशेठ कोण ते! दोन ट्रक कांदा आझादपूर मंडीत उभा आहे माझा. सडला तर तुमच्या कंपनीचा मालक येणार आहे का निवडायला?”

आसपासची एकदोन माणसं वळून पाहू लागली. पूजाने फोन उचलून कोणाला तरी बोलावलं आणि तोवर झुंबरला पुढे घेतलं. त्याने मोबाइल दाखवला, आधार कार्ड दाखवलं. तिने पुन्हा संगणकाकडे पाहिलं आणि चेहरा कसनुसा केला.

“काका, तुमचंही तेच झालंय. तिकीट कन्फर्म आहे, पण सीट शिल्लक नाही.”

झुंबरला वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही. “तिकीट हाय ना?”

“तिकीट आहे.”

“मग सीट?”

“तसं नसतं काका. थोडे लोक दरवेळी येत नाहीत, म्हणून कंपनी थोडी जास्त तिकिटं देते. आज सगळेच आले. ज्यांनी शेवटी चेक-इन केलं त्यांना…” ती थांबली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “तुम्ही तर सगळ्यांच्या आधी आला होतात ना? मी पाहिलं होतं तुम्हाला.”

रिझर्व्हेशनच्या एका सीटवर दोघांना तिकीट फाडलं असतं, तर डेपोच्या साहेबाने त्याच दिवशी झुंबरला घरी बसवलं असतं. पण ते आता इथे सांगून उपयोग नव्हता. तो एवढंच म्हणाला, “ताई, मी उभ्यानं जातो.”

विमानात उभं राहता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलं. पूजाला हसू आलं नाही.

*

तेवढ्यात आतून एक तरुण अधिकारी आला. रोहित. कोट, टाय, कमरेला वायरलेस. वाल्मीकशेठ त्याच्यावर तुटून पडले. रोहित शांतपणे ऐकत होता. रोज कोणी ना कोणी असं ओरडतं, अशा सवयीने तो ऐकत होता. कंपनीचे नियम त्याने पाठ म्हटल्यासारखे सांगितले. उद्याच्या विमानात जागा देऊ, नियमाप्रमाणे भरपाई खात्यात जमा होईल, आता जेवणाचं कुपन देतो. एक कुपन त्याने शेठच्या हातात दिलं, एक झुंबरच्या.

“हे घ्या काका. वरती कँटीन आहे. वडासांबार, थाळी, काय हवं ते.”

झुंबरने कुपन हातात धरलं. आक्काला उचलेपर्यंत त्याच्या तोंडात पाण्याशिवाय काही जाणार नव्हतं.

मग वायरलेस खरखरला. रोहितने तो कानाला लावला, मान हलवली, आणि पहिल्यांदाच माणसासारखा बोलला. “मोबाइलवर चेक-इन केलेला एक जण आलाच नाही. एक सीट सुटलीय. तुम्ही दोघं आहात. मला सांगा, कोणाचं जास्त अर्जंट आहे?”

“माझं!” वाल्मीकशेठ म्हणाले. “कधीपासून काय सांगतोय मी?”

रोहित झुंबरकडे वळला. “काका, तुमचं?”

आता सांगायचं होतं. एकच वाक्य. पण काउंटरच्या शेजारीच, फरशीवर, ती नवरी गुडघे टेकून बसली होती. तिला सीट मिळाली होती, पण बॅगेचं वजन जास्त भरलं होतं आणि ती एका बॅगेतल्या साड्या दुसरीत कोंबत होती. हाताच्या अंतरावर होती. लग्नाच्या पहिल्या प्रवासाला निघालेल्या पोरीच्या कानावर मयत हा शब्द घालायचा? झुंबरच्या घरात हळद उतरेपर्यंत नव्या सुनेसमोर कोणी आजारपणाचंही बोलत नसे.

आणि खरं सांगायचं तर, आपण बोलावं लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं. एसटीत त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. भर उन्हात, गर्दीच्या गाडीला हात करून एखादा माणूस चढायचा. केस विसकटलेले, टोपी नाही, पायात जे सापडलं ते. एकटक समोर बघणारा. झुंबर त्याला कुठे जायचं एवढंच विचारायचा आणि उठून स्वतःची सीट द्यायचा. सुट्ट्यासाठी त्याच्याशी हुज्जत घालायचा नाही. मयताला निघालेला माणूस सांगत नाही, तो ओळखायचा असतो. सकाळी कापड दुकानदाराने ओळखलं होतं.

“मलाबी जायचंच हाय,” झुंबर म्हणाला.

“हो, पण कशासाठी?”

“बहीण हाय माझी. दिल्लीला.”

नवरीने मान वर केली. चेहरा उजळला. “अहो सर, द्या ना काकांना सीट. त्यांचा पहिला नंबर होता. त्यांनीच आम्हाला पुढे सोडलं.” मग झुंबरकडे बघून, लाडात आल्यासारखी, “बहिणीकडे चाललात काका? काय आहे, लग्न वगैरे?”

“नाय. भेटायला.”

“आणि साडी नेताय ना?” पिशवीच्या तोंडातून वर्तमानपत्राची कड आणि तिच्याआड हिरवा काठ दिसत होता. “अय्या, नऊवारी! बघू?”

मेंदीचा हात पिशवीकडे आला.

“हात लावू नको!”

झुंबर ओरडला. पिशवी त्याने छातीशी ओढली होती. असा आवाज त्याचा त्यालाच नवा होता. पोरीने हात मागे घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. नवरदेव पुढे आला.

“काका, नीट बोला हं. बघू म्हणाली नुसतं. नेणार होती का तुमची साडी?”

“चुकलं माझं,” झुंबर म्हणाला. “पोरी, चुकलं. तू जा. तू जा इथनं.”

“म्हातारपण,” वाल्मीकशेठ हसून म्हणाले. “साडीपायी जीव टाकतोय.”

रोहितने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. एकीकडे सडणारा कांदा होता, दुसरीकडे बहिणीची भेट. त्याच्या जागी कोणीही असतं तरी तेच ठरवलं असतं. “काका, बहिणीला उद्या भेटलात तर चालेल ना? उद्या पहिली सीट तुमची. मी स्वतः बघतो.”

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. पूजाने बोर्डिंग पास काढला. वाल्मीकशेठ दोन्ही मोबाइल सांभाळत धावले. त्यांच्या पुढे ती तिन्ही जोडपी गेली. नवरीने जाताना एकदा मागे वळून पाहिलं. मग आतल्या तपासणीच्या दारामागे सगळे दिसेनासे झाले आणि काउंटरसमोरची फरशी रिकामी झाली.

आता कोणी नव्हतं. पोरगी पार आत पोचली असेल एवढा वेळ जाऊ देऊन झुंबर काउंटरपाशी गेला.

“ताई,” तो पूजाला म्हणाला, “आक्का गेली माझी. पहाटं. ही तिच्या अंगावर घालायची साडी हाय. मी न्हेल्याशिवाय उचलता येत नाय.”

पूजाचं तोंड उघडंच राहिलं. ती ओझरचीच होती. तिला साडीबद्दल काही समजावून सांगावं लागलं नाही.

“काका, अहो… मगाशी का नाही बोललात? मगाशी विचारलं ना सरांनी!”

“ती पोरगी बसली होती. हळदीची.”

पूजा खुर्ची ढकलून उठली आणि आत पळाली. झुंबरला तिच्या बुटांचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला. तो काउंटरच्या कडेला हात धरून उभा राहिला. लखमापूरच्या फाट्यावर त्याच्या हातात दोरी होती. इथली दोरी कोणाच्या हातात आहे, हेही त्याला दिसत नव्हतं.

ती परत आली तेव्हा चालत आली. त्यावरूनच कळलं.

“दार लागलं काका. मी सांगितलं, त्या शेठना फोनही लावून पाहिला. फोन बंद आहे त्यांचा. विमानाचं दार एकदा लागलं की…” ती रडायच्या बेतात होती. तिच्या मागे रोहित होता. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, पण रागाच्या नव्हत्या.

“काका, एक शब्द बोलायचा होता हो. एक शब्द! मी त्या माणसाला हाताला धरून बाजूला केला असता. मी काय मनकवडा आहे का?”

“नाय साहेब,” झुंबर म्हणाला. “तुमची काय चूक नाय.”

“मुंबईला गाडी करून देतो. रात्रीचं विमान मिळेल.”

“पोचायला मध्यरात होईल.”

रोहित थोडा वेळ तिथेच रेंगाळला. मग पुन्हा वायरलेस खरखरला आणि तो गेला.

*

बाहेर आवारात ऊन रखरखत होतं. झुंबर सावली सोडून उन्हातच उभा राहिला आणि त्याने हर्षलला फोन लावला. तो बोलत असतानाच विमान डोक्यावरून गेलं. भाच्याला काही ऐकू येईना म्हणून तेच वाक्य त्याला दोनदा सांगावं लागलं. मला जागा मिळाली नाही.

“म्हणजे? मामा, कन्फर्म तिकीट होतं! कोण आहे तिथे, फोन द्या त्याला. मी बघतो एकेकाला.”

“विमान गेलं बाबा.”

पलीकडे माणसांचे आवाज होते. कोणीतरी हिंदीत बर्फाचं विचारत होतं.

“उद्यापर्यंत थांबशील?” झुंबरने विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

“मामा, कसं थांबू? बाबा सकाळपासून तिच्या उशाशी बसून आहेत, पाणी घेत नाहीत. शुगर किती झालीय बघा त्यांची. सोसायटीचे लोक खाली उभे आहेत. आणि मामा…” त्याचा आवाज फाटला. “मला आता नाही बघवत हो तिच्याकडे.”

झुंबरला भाच्याचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. राग धरायला त्याला दिवसभरात कोणीच सापडत नव्हतं.

“निकिताने साडी आणलीय,” हर्षल म्हणाला. निकिता त्याची बायको. “इथल्या मार्केटमधून. हिरवीच आहे. म्हणजे… जरा पोपटी. नऊवारी इथे मिळत नाही. तुमच्या नावाने नेसवतो मामा. चालेल ना? तुम्ही हो म्हणा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय बाबा हलू देणार नाहीत.”

विमानतळाच्या कुंपणापलीकडे कोणाच्या तरी द्राक्षबागेत छाटणीनंतरचे कोंब फुटले होते आणि एक बाई वाकून ते निवडत होती. झुंबर तिच्याकडे बघत राहिला. ती एका वेलावरून दुसऱ्या वेलाकडे गेली.

“मामा?”

“नेसवा,” झुंबर म्हणाला.

“बाबांना सांगू, तुम्ही हो म्हणालात?”

“सांग. दाजींना म्हणावं, झुंबरनं हो म्हटलंय.”

“व्हिडीओ लावतो मी. शेवटचं बघून घ्या.”

“नको.”

“मामा, मिनिटभर.”

“तिच्या तोंडावर फोन धरू नको, हर्षल. लोक काय म्हणतील म्हणून नाय सांगत. मला ती त्या पोपटी साडीत बघायची नाय.” मग जरा थांबून त्याने विचारलं, “राख कधी आणतो? नाशकात रामकुंडावर सगळं मी बघतो. भटजी ओळखीचा हाय. दाजींना त्रास पडू देत नाय.”

हर्षल घुटमळला. “मामा, ते… आम्ही हरिद्वारलाच करतोय. परवा. इथून जवळ पडतं. बाबांना एवढा प्रवास झेपणार नाही, आणि पुन्हा ते विमान…”

“बरं.”

“रागावलात?”

“नाय बाबा. बापाला पाणी पाज.”

फोन बंद झाल्यावर झुंबरला ध्यानात आलं, की दुसऱ्या हातातलं कुपन घामाने ओलं होऊन चुरगळलं आहे. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं. कचरा खाली टाकायची सवय त्याला नव्हती.

*

रिक्षाने तो हायवेवर आला. पिंपळगावची गाडी या बाजूला लागत होती, नाशिकची पलीकडे. भागीबाईचा फोन आला. तिला हर्षलकडून कळलं होतं. ती रडत होती आणि रडता रडता काहीतरी विचारायचं टाळत होती.

“घरी या,” ती म्हणाली. “सकाळपासनं पोटात काय नाय तुमच्या.” मग अगदी खालच्या आवाजात, “आन् ती… ती कुठं…”

“घरी आणत नाय,” झुंबर म्हणाला. “मला ठावं हाय.”

मयतासाठी घेतलेली साडी घरात येत नाही. दुकानदार परत घेत नाही. कोणाला नेसायला देता येत नाही. मागायला आलेल्या बाईलाही देता येत नाही, कारण ती नेसेल. रामकुंडावर देशभरातून माणसं येतात, ज्याची त्याची राख आणि वस्त्रं सोडतात. दिल्लीचीही येतात. आक्का येणार नव्हती. पण दुसरी जागा झुंबरला सुचेना. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि त्याने नाशिकच्या गाडीला हात केला.

गाडी भरलेली होती. दारात लोंबकळणारी पोरं होती. झुंबर कसाबसा वर चढला, पिशवी डोक्याच्या वर धरून. तिशीची एक बाई कंडक्टर होती, खाकी साडी, कपाळावर घामाचे थेंब. ती कोणाशी तरी सुट्ट्यावरून भांडत पुढे येत होती. तिची नजर झुंबरवर पडली. उन्हाने काळवंडलेलं तोंड, विसकटलेले केस, छातीशी धरलेली पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी वर्तमानपत्राची घडी. तिचं भांडण अर्ध्यावर थांबलं.

“सरका हो, सरका जरा,” ती लोकांना म्हणाली. दाराजवळच्या कंडक्टरच्या सीटवर तिची तिकिटांची पेटी होती. ती तिने उचलली. “बसा बाबा.”

“मी उभा राहतो.”

“बसा म्हणते ना.”

झुंबर बसला. आख्ख्या दिवसात त्याला मिळालेली ही पहिली जागा. तिने घंटी दिली, गाडी निघाली. ती मशीन हातात घेऊन त्याच्यापाशी वाकली. आवाज खाली आणून, जसा तो स्वतः इतकी वर्षं आणत आला होता, तिने विचारलं, “कुठं जायचं बाबा?”

त्याला उत्तर देता येईना. ती थांबली. मागून कोणीतरी ओरडलं, “ओ मॅडम, आडगाव नाका!” तिने हाताने त्याला गप्प बसायला सांगितलं आणि ती तशीच वाकून उभी राहिली.

“होईल वेळेवर,” ती म्हणाली. “गाडी कुठं थांबत नाय मधी. पोचाल तुम्ही.”

झुंबरने मान हलवली. दिल्लीत आता आक्काला उचललं असेल. खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. त्याने तो काढला नाही. त्याचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. वर्तमानपत्र एका कोपऱ्याला फाटलं होतं. आत साडी होती. तिची घडी सकाळी दुकानात होती तशीच होती.